अ‍ॅमी जॉलीची वाट

जोझेफ फॉन स्टर्नबर्गच्या ‘मोरोक्को’ला (१९३०) आज कोणी वाईट म्हणत नाही. मार्लेन डीट्रिचचा टेलकोट, ली गार्म्सचे छायाचित्रण, बोलपटाच्या बाल्यावस्थेतही न बोलता थांबण्याची त्याची हिंमत, या सगळ्याचे कौतुक होते. बोट ठेवले जाते ते शेवटावर. फ्रेंच फॉरेन लीजनमधला शिपाई टॉम ब्राउन आपल्या तुकडीबरोबर वाळवंटाकडे कूच करतो, आणि कॅबरे-गायिका अ‍ॅमी जॉली आपला श्रीमंत नियोजित वर ला बेसिएर (अडॉल्फ मेंजू) व त्याची मोटार मागे सोडून त्या दिशेने चालू लागते. एक आक्षेप व्यवहाराचा : उंच टाचांचे बूट घालून कोणी वाळवंट तुडवते काय? दुसरा गंभीर आहे : जिने पुरुषी पोशाखात भर सभागृह नमवले, तिलाच अखेरीस एका शिपायामागे फरफटत नेऊन दिग्दर्शकाने स्त्रीची शरणागती साजरी केली. हे दोन्ही आक्षेप मला मान्य नाहीत. शेवटाचा जो बचाव नेहमी केला जातो, तोही पटत नाही.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर पडद्यावरच आहे. चार पावले चालल्यावर बूट वाळूत रुततात, तेव्हा अ‍ॅमी ते काढून टाकते आणि अनवाणी पुढे जाते. ‘टाचा घालून वाळवंटात’ हा वाक्प्रयोग इतका रूढ झाला आहे, की प्रत्यक्षात काय घडते ते पाहण्याची गरजच उरलेली नाही.

समीक्षक अँड्र्यू सॅरिसने १९६६मध्ये स्टर्नबर्गवरच्या पुस्तकात या शेवटाची बाजू घेतली, ती मात्र स्वप्नाच्या आधाराने. हे स्वप्न आहे, स्वप्नाला शारीरिक क्षमतेचा हिशेब लागू होत नाही, असा त्याचा रोख. सॅरिसचे ऋण मोठे आहे. स्टर्नबर्गला पुन्हा गांभीर्याने पाहायला त्याने शिकवले. तरीही या बचावात प्रतिपक्षाचा मुख्य मुद्दा मान्य करून टाकला जातो. कृती अतर्क्यच आहे, फक्त अतर्क्य असण्याची तिला मुभा आहे, असे त्यातून निघते. माझे म्हणणे असे, की ही कृती अतर्क्य नाहीच. ज्यूल्स फर्थमनच्या पटकथेने तिची तयारी पद्धतशीरपणे केलेली आहे.

लीजनच्या मागून शेळ्या हाकत, बोचकी घेऊन चालणाऱ्या बायका आपल्याला शेवटाच्या आधीच दिसतात. त्या कोण, असे अ‍ॅमी ला बेसिएरला विचारते. ही पिछाडीची फौज, असे तो सांगतो. कधी त्या आपल्या माणसांना गाठतात, कधी नाही, आणि गाठतात तेव्हा पुष्कळदा ती मेलेली असतात. या वेड्याच असल्या पाहिजेत, असे अ‍ॅमी म्हणते. तो शांतपणे सांगतो, की त्यांचे आपल्या माणसांवर प्रेम आहे. आणखी एका प्रसंगात ती टॉमला म्हणते, की बायकांचीही एक फॉरेन लीजन असते. तिला गणवेश नसतो, झेंडा नसतो आणि शौर्याबद्दल पदकही मिळत नाही. आपण आधीच एका पलटणीत भरती झालेलो आहोत हे तिला पुरते ठाऊक आहे. मोगादोरला येणाऱ्या बोटीवर तिच्यासारख्या नटींची ओळख करून दिली जाते तीच परतीचे तिकीट नसलेल्या प्रवासी म्हणून. म्हणजे शेवटी ती नव्याने काही गमावत नाही. बिनगणवेशाच्या एका लीजनमधून ती दुसऱ्या लीजनमध्ये जाते, आणि या वेळी उघडपणे, स्वतःच्या पायांनी.

तिला मागे काय सोडावे लागते, हेही पाहायला हवे. या चित्रपटात तिच्या प्रत्येक नात्याला किंमत चिकटलेली आहे. बोटीवर ला बेसिएर आपले कार्ड देतो. ती ते फाडून टाकते. नाइटक्लबमध्ये ती सफरचंदे विकते. पुढे ब्रेसलेट येते, त्यानंतर मोत्यांची माळ. ला बेसिएर सज्जन आहे, त्याच्या प्रेमात खोट नाही. पण त्याच्याकडे देण्यासारखे जे आहे ते सगळे विकत घेता येणारे आहे. लग्नाच्या निमित्ताने दिलेल्या मेजवानीत दुरून ढोल ऐकू येतात, ती ताडकन उठते, माळ तुटते आणि मोती जमिनीवर विखुरतात. शेवटाचा निर्णय वाळवंटाच्या तोंडाशी झालेला नाही, इथे झालेला आहे.

आणि शरणागतीचे म्हणाल, तर ती एकट्या अ‍ॅमीची आहे कुठे? टेलकोटमधली अ‍ॅमी प्रेक्षकांतल्या एका स्त्रीच्या ओठांचे चुंबन घेते, तिच्याकडचे फूल टॉमकडे फेकते, आणि गॅरी कूपरसारखा रांगडा नट ते कानावर खोवून बसतो. हाच टॉम पलटण सोडून तिच्याबरोबर पळून जायला तयार होतो. मग ब्रेसलेट पाहून, तिला सुखाचे आयुष्य लाभावे म्हणून, आरशावर लिपस्टिकने निरोप लिहून मागे फिरतो. ला बेसिएर तर सर्वांच्या पुढे जातो. जखमी झाल्याचे समजलेल्या टॉमचा शोध घ्यायला तो आपल्या वाग्दत्त वधूला स्वतःच्या मोटारीतून नेतो. भर मेजवानीतल्या पाहुण्यांदेखत ज्याचा मान गेला, त्याचेच हे वागणे. तिघेही आपापला अभिमान ओवाळून टाकतात. त्यातल्या दोघांच्या त्यागाला औदार्य म्हणायचे आणि तिसरीच्या त्यागाला गुलामी, हा न्याय मला समजत नाही.

सर्वांत तोलामोलाचा प्रतिपक्ष लॉरा मल्व्हीचा. १९७५च्या ‘स्क्रीन’ या नियतकालिकातल्या प्रसिद्ध निबंधात तिने या शेवटाचा उल्लेख केला आहे. तिच्या मते स्टर्नबर्गच्या चित्रपटांत स्त्रीकडे पाहणारा नायक महत्त्वाचा क्षण येतो तेव्हा हजरच नसतो. उरतो तो प्रेक्षक आणि त्याच्यापुढे पूजेसाठी मांडलेली निर्दोष स्त्रीप्रतिमा. टॉम आधीच दिसेनासा झाला आहे, हे तिचे निरीक्षण अचूक आहे. निष्कर्ष मात्र या दृश्याला लागू पडत नाही. चित्रपटभर गार्म्सने डीट्रिचचा चेहरा प्रकाशात कसा न्हाऊ घातला आहे ते आठवा. प्रतिमेची पूजाच करायची असती, तर अखेरीस तो चेहराच पडदाभर दिसला असता. उलट कॅमेरा वेशीच्या आत खिळून उभा राहतो. ती पाठमोरी, लहान होत जाते. त्या बायकांमध्ये मिसळते, एका शेळीची दोरी हातात घेते आणि टेकाडापलीकडे उतरते. पार्श्वसंगीत नाही, ढोल विरत जातात, वारा तेवढा वाहतो. ज्या चेहऱ्यासाठी पॅरामाउंटने एवढा खटाटोप केला, तोच दिग्दर्शक काढून घेतो. डोळ्यांचे पारणे फेडणारा सिनेमा इथे डोळ्यांना हवे ते नाकारतो, आणि टॉमला तर ती मागून येते आहे हेही ठाऊक नाही. तिचे हे जाणे कोणाच्याही नजरेसाठी नाही.

माझ्या मते या चित्रपटात खरा दोष आहे, पण तो वेगळ्या जागी. फ्रान्सने १९१२मध्ये मोरोक्कोवर संरक्षित राज्य लादले आणि १९२०च्या दशकात रीफ डोंगराळ भागातले बंड मोडून काढायला याच लीजनला जुंपले. चित्रपटाला या लढाईत रस नाही. कॅलिफोर्नियात चित्रित झालेल्या या मोरोक्कोत शत्रू जवळजवळ अदृश्य आहे, स्थानिक माणसे पार्श्वभूमीपुरती आहेत. आणि ज्या बायकांच्या निष्ठेवर साऱ्या शेवटाची इमारत उभी आहे, त्या मोरोक्कन बायकांपैकी एकीलाही नाव नाही, वाक्य नाही. त्यांच्याविषयी जे काही कळते, ते ला बेसिएरच्या तोंडून. अ‍ॅमीच्या बुटांवर इतकी शाई खर्च झाली. तिच्या आधीपासून त्या वाटेने अनवाणी चालणाऱ्यांबद्दल पटकथेने एवढी काटकसर का केली, हा प्रश्न फर्थमन आणि स्टर्नबर्ग यांना विचारायला हवा होता.