खडकवासल्याचा शिंपला

गांवांचीं नांवें इतिहासांत राहतात तीं बहुधा लढायांमुळें व तहांमुळें. खडकवासल्याचें नांव मात्र प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत एका गोड्या पाण्यांतील शिंपल्यामुळें राहिलें आहे, हें पुणेकरांपैकीं किती जणांस ठाऊक असेल? एच. सी. रे यांनीं १९६६ सालीं या जातीचें वर्णन करून तिला 'पॅरेसिया खडकवासलाएन्सिस' असें नांव दिलें.

या नामकरणामागें दोन शतकांची परंपरा आहे. म्यूलर यानें १७७४ त व लामार्क यानें १८१९ त आपल्याकडील दोन सुप्रसिद्ध शिंपल्यांचें वर्णन केलें, तें केवळ कवचावरून. आकार, सुरकुत्या व बिजागरीचे दांत पाहावे आणि बहुतेक जाती 'युनिओ' या युरोपीय गणांत ढकलाव्या, अशी त्या काळची रीत होती. परंतु एकाच जातीचें कवच संथ पाण्यांत एक रूप धरतें व ओढत्या पाण्यांत दुसरें. त्यामुळें नांवांचा गोंधळ माजला. कलकत्त्यास १९१६ सालीं भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था स्थापन झाली. पुढें १९१८ त बेनी प्रसाद यांनीं शिंपल्याचें कवच बाजूस सारून मादीच्या कल्ल्यांतील पिलांच्या पिशव्या व खुद्द पिलें तपासलीं आणि कित्येक हिंदी जातींची जागा नव्यानें ठरविली. अलीकडील आनुवंशिक अभ्यासानें तर 'पॅरेसिया'चें घराणें युरोपीय 'युनिओ'पासून वेगळेंच ठरविलें आहे.

हा पंडितांचा निरर्थक वाद होय, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या जातीस वेगळें नांव नाहीं, ती नाहींशी झाली तरी 'शिंपले आहेत कीं अजून' असें म्हणून आपण स्वस्थ बसूं.

शिंपल्याचें जीवनहि परावलंबी आहे. त्याचें सूक्ष्म पिलूं कांहीं काळ माशाच्या कल्ल्यास वा परास चिकटून वाढतें आणि मग सुटून तळाच्या वाळूंत घर करतें. मासा गेला कीं पुढची पिढी खुंटली. जुने शिंपले वर्षानुवर्षें जगतात. म्हणून नदी बाहेरून भरलेली दिसते, पण आंत वंश संपत आलेला असतो. वयस्क शिंपला मात्र पाणी गाळून आपलें पोट भरतो व नकळत नदी निवळवितो.

आतां मुठेचा इतिहास पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत खडकवासल्यास धरण झालें व माशांची वरखालची वाट अडली. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत व खडकवासला हीं धरणें फुटलीं आणि शहर बुडालें. तें दुःख पुण्याच्या घराघरांत सांगितलें जातें. ती आपत्ति एका दिवसाची होती. शहराचें सांडपाणी, उपसलेली वाळू व बाहेरून आणलेले तिलापीसारखे मासे ही आपत्ति मात्र रोजची आहे, आणि तिची आठवण ठेवणारा कोणी नाहीं.

तेव्हां उपाय कोणता? वाळूचा तळ जपावा, सांडपाणी शुद्ध करूनच सोडावें, देशी मासे राखावे आणि महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं प्रतिवर्षीं त्याच त्या ठिकाणच्या शिंपल्यांची जातवार नोंद करावी. नांव देणें हें रक्षणाचें पहिलें पाऊल खरें. पण पुण्याच्या उशाशीं असलेल्या गांवाचें नांव घेतलेला प्राणी केवळ संग्रहालयाच्या कपाटांत उरला, तर तें नांव आपणांस भूषणावह होणार नाहीं.