विल्यम मार्शल आणि त्याचें घराणें

शाळेंत इंग्लंडचा इतिहास शिकवितांना राजांच्या सनावळ्या आम्हीं मुलांकडून घोकून घेतल्या. पण त्या राजांचीं गाद्या सांवरून धरणारीं माणसें तशींच राहून गेलीं. त्यांतल्या एकाची हकीकत आज सांगावयाची आहे.

इ. स. ११५२ मध्यें स्टीफन राजानें न्यूबरीच्या गढीला वेढा दिला. गढीचा धनी जॉन मार्शल यानें मुदत मागितली आणि आपला पांचसहा वर्षांचा मुलगा विल्यम राजाकडे ओलीस ठेविला. मग गढी खालीं करण्याऐवजीं त्यानें आंत शिबंदी व रसद भरली. मुलाला फांशीं देण्याची धमकी येतांच, आपल्याला आणखी मुलगे होतील, असा निरोप त्या बापानें उलट धाडला! राजाला मात्र पोराची दया आली. हें सारें विल्यमच्या थोरल्या मुलानें लिहवून घेतलेल्या पद्यचरित्रांत आहे. आजोबाचें हें वर्तन नातवानें झांकलें नाहीं, याचें मला नवल वाटतें.

विल्यम धाकटा, म्हणून वतन नव्हतें. सरदारांच्या झुंजींच्या सामन्यांत त्यानें नांव व पैसा मिळविला. ११८९ मध्यें रिचर्ड राजाच्या कृपेनें आयर्लंडांतील लीन्स्टरच्या राजाची नात इझाबेल ही त्याला मिळाली. वर त्रेचाळिशीच्या आसपास, वधू विशीच्या आंतली. तिच्याबरोबर वेल्स व आयर्लंडमधील विस्तीर्ण मुलूख आला. पांच मुलगे व पांच मुली झाल्या.

पुढें संशयी जॉन राजानें प्रथम थोरला विल्यम व मागून दुसरा मुलगा रिचर्ड यांना ओलीस मागितलें. मार्शलनें दोघेही दिले. त्या वेळीं त्याला न्यूबरीची आठवण झाली नसेल काय? पण बापाप्रमाणें शब्द मोडून त्यानें मुलांचे प्राण पणाला लाविले नाहींत. मुलें सुखरूप परत आलीं. १२१५ च्या बंडांत थोरला मुलगा बंडखोरांना मिळाला, तरी बाप राजाकडेच राहिला.

१२१६ मध्यें जॉन मेला. वारस हेन्री ९ वर्षांचा, आणि अर्धा देश फ्रेंच राजपुत्राच्या बाजूस. सत्तरीच्या मार्शलनें राज्याचें पालकत्व पत्करलें, बापानें नाकारलेली मोठी सनद बाळराजाच्या नांवें पुन्हा जाहीर केली, आणि २० मे १२१७ रोजीं लिंकनच्या लढाईंत स्वतः घोडा घातला. १४ मे १२१९ रोजीं तो वारला. लंडनच्या टेंपल चर्चमध्यें त्याची समाधि आहे.

त्याचे पांचही मुलगे एकामागून एक पेंब्रोकचे अर्ल झाले. रिचर्ड १२३४ मध्यें आयर्लंडांत जखमी होऊन गेला, गिल्बर्ट १२४१ मध्यें झुंजीच्या सामन्यांत. वॉल्टर आणि अन्सेल्म १२४५ च्या अखेरीस पाठोपाठ गेले. एकालाही औरस संतति नव्हती. सारी दौलत मुलींच्या वंशांत वाटली गेली.