दवाखान्याची खिडकी उघडी का हवी? इमारतीमुळे जंतुसंसर्ग कसा पसरतो आणि कसा थांबतो

तालुका वार्ताहर | आरोग्य माहिती

तीन वर्षांपूर्वी माझ्या वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन व्यवस्थित झालं, पण सहाव्या दिवशी टाक्यांतून पू यायला लागला. चार दिवसांचा मुक्काम अठरा दिवसांवर गेला. ऐन सोयाबीन काढणीत मी त्या वॉर्डात बसून होतो.

बसल्या बसल्या वॉर्ड बघत होतो. नऊ खाटा, दोन खाटांच्या मधून अंग चोरूनच जावं लागायचं. खिडक्या होत्या, पण एसी बसवल्यापासून त्यांना प्लायवूड ठोकलेलं. हात धुवायचं बेसिन एकच, तेही बाहेर बोळात, संडासाशेजारी. डॉक्टर आणि सिस्टर दिवसरात्र राबत होत्या, त्यांना बोल लावायचा नाही. पण इमारत त्यांना साथ देत नव्हती, एवढं मात्र खरं.

आपण शेतकरी माणसं. कांदा चाळ बांधताना खालून आणि दोन्ही बाजूंनी वारा लागला पाहिजे, हे आपल्याला कोणी शिकवत नाही. कोंबड्यांच्या शेडचे पडदे कायम बंद ठेवले तर काय होतं, हेही माहीत असतं. माणसांच्या दवाखान्यालाही हाच हिशेब लागू आहे. तो नीट समजावा म्हणून हा लेख.

दवाखान्यात लागणारा आजार म्हणजे काय?

पेशंट दाखल झाला तेव्हा जो संसर्ग नव्हता, तो साधारण ४८ तासांनंतर दिसला तर त्याला रुग्णालयातला जंतुसंसर्ग म्हणतात. टाके पिकणं, लघवीच्या नळीमुळे होणारा संसर्ग, सलाईनच्या जागेतून रक्तात जंतू जाणं, न्यूमोनिया हे त्याचे नेहमीचे प्रकार. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये दिलेल्या अहवालानुसार श्रीमंत देशांत दाखल झालेल्या १०० रुग्णांपैकी ७ जणांना, तर मध्यम आणि गरीब देशांत १५ जणांना असा एखादा तरी संसर्ग होतो.

ही गोष्ट पहिल्यांदा कधी लक्षात आली?

क्रिमियाच्या युद्धात इंग्रज सैनिकांचं मोठं रुग्णालय तुर्कस्तानात स्कुतारी इथे होतं. फ्लॉरेन्स नाईटिंगेल तिथे १८५४ मध्ये पोहोचल्या. फेब्रुवारी १८५५ मध्ये तिथे शंभरातले चाळीसहून जास्त सैनिक दगावत होते. यात जखमांपेक्षा रुग्णालयातल्या आजारांचे बळी जास्त. मार्चमध्ये स्वच्छता आयोग आला. इमारतीखालची तुंबलेली गटारं साफ केली, घाण उचलली, कोंदट खोल्यांत हवा खेळती केली. जूनपर्यंत हे प्रमाण शंभरात दोनच्या आसपास आलं.

पुढे नाईटिंगेल यांनी रुग्णालयांच्या रचनेवर पुस्तक लिहिलं. लांबट वॉर्ड, समोरासमोर खिडक्या, उंच छत आणि दोन खाटांत अंतर, असा त्यांचा आग्रह होता. जुन्या काळच्या दगडी दवाखान्यांत उंच छत, व्हरांडा आणि वरचे झरोके दिसतात, ते नुसत्या शोभेसाठी नाहीत.

पहिली वाट: हवा

टीबी, गोवर, कांजिण्या हे आजार हवेतून पसरतात. टीबीचा पेशंट खोकला की बारीक कण हवेत तासन् तास तरंगतात. खोलीतली हवा बदलली नाही तर पेशंट निघून गेल्यावरही धोका राहतो.

हवा किती वेळा बदलते ते विहिरीच्या उपशासारखं मोजतात. खोलीत मावते तेवढी नवी हवा तासात एकदा आत आली तर तो एक बदल. टीबीच्या वेगळ्या खोलीसाठी तासाला १२ बदल हवेत. तसं असेल तर हवेतले ९९ टक्के कण २३ मिनिटांत निघून जातात. तासाला दोनच बदल असतील तर त्यालाच १३८ मिनिटं लागतात.

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात लिमा शहरातल्या आठ रुग्णालयांत शास्त्रज्ञांनी हवेची मोजणी केली. २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खिडक्या-दारं उघडी ठेवल्यावर तासाला सरासरी २८ बदल झाले, तर यंत्राने हवा खेळवणाऱ्या खोल्यांत १२. त्यातही १९५० च्या आधीच्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या इमारती नव्यांपेक्षा सरस ठरल्या.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आपल्याकडे भिंतीवर बसवतात तो साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा गार करून पुन्हा सोडतो. म्हणजे गारवा मिळतो, पण खोकणाऱ्याची हवा खोलीतच फिरत राहते. दुसरं, स्लायडिंगची खिडकी पूर्ण सरकवली तरी अर्धीच उघडते. झडपांची खिडकी पूर्ण उघडते. नवीन बांधकामात अॅल्युमिनियम स्लायडिंग दिसायला छान, पण वॉर्डासाठी झडपाच बऱ्या.

वाऱ्याची दिशाही महत्त्वाची. २००३ मध्ये हाँगकाँगच्या प्रिन्स ऑफ वेल्स रुग्णालयात सार्सच्या एका पेशंटला वॉर्डातच वाफेतून औषध दिलं गेलं. त्या एका वॉर्डापासून डॉक्टर, विद्यार्थी, रुग्ण, भेटायला आलेले नातेवाईक मिळून शंभराहून जास्त लोकांना लागण झाली. नंतर अभ्यास झाला तेव्हा वॉर्डातली हवा जिकडे वाहत होती, तिकडच्या खाटांवर लागण जास्त आढळली. म्हणून पंख्याचा झोत खोकणाऱ्याकडून बाकीच्यांकडे जाऊ नये. त्याची खाट एक्झॉस्ट फॅनजवळ किंवा वारा बाहेर पडतो त्या खिडकीजवळ हवी.

ऑपरेशन थिएटरचा नियम मात्र वेगळा. तिथे खिडकी उघडी चालत नाही. गाळलेली स्वच्छ हवा आत सोडतात आणि दार बंद ठेवतात. सारखी ये-जा झाली की बाहेरची धूळ उघड्या जखमेपर्यंत जाते.

दुसरी वाट: हात आणि खाट

व्हिएन्ना शहरात १८४७ मध्ये डॉ. सेमेलवाईस यांच्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. पहिल्या विभागात बाळंतिणी जास्त दगावत, कारण विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतपणाला येत. क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केल्यावर मृत्यू झपाट्याने घटले.

आज हात धुवावेत हे सगळ्यांना कळतं, पण बेसिन बोळाच्या टोकाला असेल तर तीस पेशंट बघणारी सिस्टर दर वेळी तिथवर जाणार कशी? म्हणून बेसिन वॉर्डातच, कोपराने उघडणाऱ्या नळाचं हवं. ते जमत नसेल तर प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी सॅनिटायझरची बाटली अडकवावी.

खाटांच्या कडांमध्ये निदान एक मीटर अंतर हवं. काही चिवट जंतू कोरड्या कठड्यावर, टेबलावर आठवडेच्या आठवडे जगतात. फाटकी गादी, गंजलेली खाट, फुटकी फरशी नीट पुसली जात नाही, तिथे ते घर करतात.

तिसरी वाट: पाणी आणि मोरी

कॅनडातल्या टोरांटो जनरल रुग्णालयात २००४ ते २००६ या काळात अतिदक्षता विभागातल्या ३६ रुग्णांपर्यंत औषधांना न जुमानणारा एक जंतू पोहोचला. शोध घेतला तर तो हात धुण्याच्या बेसिनच्या जाळीखाली वाढत होता. नळाची धार थेट जाळीवर पडायची आणि शिंतोडे मीटरभर उडायचे. शेजारीच औषधं तयार करायची जागा होती. म्हणजे हात धुवायचं बेसिनसुद्धा चुकीच्या जागी असलं तर घात करतं.

गळकी टाकी, छतावरची ओल, भिंतीवरची बुरशी हेही याच वाटेतलं. दवाखान्यात दुरुस्तीचं काम चालू असेल तर धुळीबरोबर बुरशीचे कण उडतात. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांना त्यातून फुप्फुसाचा गंभीर आजार होऊ शकतो. काम चालू असलेला भाग प्लास्टिकच्या जाड कागदाने पूर्ण बंद केला पाहिजे.

चौथी वाट: एकच बाक

ओपीडीत महिनाभर खोकणारे आजोबा आणि लसीकरणाला आणलेलं दीड महिन्याचं बाळ एकाच बाकावर बसतात. यावर उपाय जवळपास फुकट आहे. खोकणाऱ्यांना दारातच ओळखून मास्क द्यायचा आणि बाहेर व्हरांड्यात किंवा झाडाखाली शेडमध्ये बसवायचं. केसपेपरही आधी त्यांचा काढायचा.

दवाखान्यात गेल्यावर हे बघा

• वॉर्डाच्या समोरासमोरच्या खिडक्या उघडतात का? कपाट, प्लायवूड लावून बंद तर नाहीत?
• दोन खाटांत एक मीटर जागा आहे का?
• वॉर्डात बेसिन, साबण आणि चालू पाणी आहे का?
• खोकणाऱ्यांची बसायची जागा वेगळी आहे का?
• लाल, पिवळ्या, निळ्या कचऱ्याच्या बादल्या आणि सुयांसाठी पांढरा डबा आहे का?
• बाळंतिणींच्या खोलीजवळचा संडास तुंबलेला तर नाही?

आपलीही जबाबदारी आहे. एका पेशंटमागे पाच-सहा नातेवाईक, खाटेवर बसून जेवण, दोन खाटांच्या मध्ये सतरंजी टाकून झोपणं, यानेही जंतू पसरतात. एकानेच थांबावं, हात धुऊनच पेशंटला हात लावावा.

मागणी कुठे करायची?

प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते. तिच्याकडच्या निधीतून किरकोळ दुरुस्ती करता येते. खिडकीचं प्लायवूड काढणं, एक्झॉस्ट फॅन, बेसिन हलवणं ही कामं याच मापाची. ग्रामसभेत विषय घ्या, ठराव करा आणि त्याची प्रत वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्या. नवीन इमारत मंजूर झाली असेल तर पाया खोदायच्या आधीच नकाशा मागून बघा आणि खिडक्या मोजा.

वडील आता ठणठणीत आहेत. त्या मुक्कामात शेवटच्या आठवड्यात आम्ही चार-पाच नातेवाईकांनी सिस्टरला विचारून एका खिडकीचं प्लायवूड काढलं होतं. पाना शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याचा होता. वीस मिनिटांचं काम होतं.