आफ्रिकेच्या वाटेवरील नाशिकची मुले

आफ्रिकेतील डोंगरांतून व अरण्यांतून वाटाड्याच्या मागे आठ-आठ दिवस पायी हिंडायचे, रात्री राहुटीत मुक्काम करायचा, आणि सकाळी पुन्हा चालू लागायचे, अशा प्रवासासाठी आज दूरदूरच्या देशांतून हौशी लोक तेथे जातात. त्याला 'सफारी' म्हणतात. हा शब्द पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेतला. तो तेथे अरबीतून गेला, आणि त्याच अरबी मुळापासून फारसीच्या मार्गाने आपली 'सफर' आली. शब्दांचे हे नाते पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु या पायी सफरींच्या इतिहासाशी महाराष्ट्राचे याहून जवळचे नाते आहे. ते माणसांचे आहे, आणि आपण ते जवळजवळ विसरलो आहोत.

एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेच्या अंतर्भागात जाणे म्हणजे काय, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. गाडीवाट नव्हती. त्सेत्से नावाच्या माशीच्या दंशाने बैल-घोडे मरत, म्हणून सारे सामान माणसांच्या डोक्या-खांद्यांवरून जाई. एकेका हमालाकडे सुमारे तीस किलोचे ओझे असे. वाटेत नाणे चालत नसे. कापड, मणी आणि पितळी तार हाच पैसा. प्रत्येक सरदाराच्या मुलखातून जाताना जकात द्यावी लागे, आणि ती ठरविण्यात कधी कधी दिवसचे दिवस जात. तांड्याच्या अग्रभागी जो चाले त्यास 'किरांगोझी' म्हणत. आपल्याकडे सह्याद्रीत वाटाड्या असतो तोच हा. त्याच्या मागे हमाल, आणि त्या रांगेत कोठेतरी होकायंत्र व वही घेतलेला साहेब. पुस्तके साहेबाने लिहिली. त्यामुळे वाटही त्यानेच शोधली अशी आपली समजूत झाली.

या पुढे चालणाऱ्यांतला एक प्रसिद्ध पुरुष म्हणजे सिदी मुबारक. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा याओ जमातीचा मुलगा हिंदुस्थानात वाढला, आणि धनी वारल्यावर मोकळा होऊन झांझिबारला परतला. त्याचे नावच 'बॉम्बे' पडले. १८५७ साली बर्टन आणि स्पीक हे दोघे मोठ्या सरोवरांच्या शोधास निघाले, तेव्हा तो त्यांच्याबरोबर होता. दोघेही साहेब हिंदुस्थानातल्या फौजेतले. स्पीक त्याच्याशी बोले तो हिंदुस्थानीत! ज्या प्रवासाने व्हिक्टोरिया सरोवर युरोपच्या नकाशावर आले, त्याचे निम्मेअधिक व्यवहार आपल्या बाजारातल्या बोलीने झाले असे म्हणावयास हरकत नाही.

आता नाशिककडे वळू. आज नाशिककर ज्या शरणपूर रस्त्याने रोज ये-जा करतात, त्या शरणपुरात चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत होती. अरबी समुद्रात इंग्रज आरमार गुलामांची गलबते पकडी, त्यांतून सुटलेली आफ्रिकी मुले मुंबईस उतरविली जात. त्यांतील पुष्कळांना शरणपुरास ठेवून लिहिणे-वाचणे आणि सुतारकाम, लोहारकाम असे धंदे शिकवीत. ज्यांना आईबाप आठवत नव्हते, गाव आठवत नव्हते, अशी ही मुले गोदावरीच्या काठी लहानाची मोठी झाली.

१८६५ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईस आला. नव्या प्रवासासाठी त्याने शरणपूरची नऊ मुले घेतली. चुमा हा मुलगा मुंबईच्या शाळेत होता, आणि सूसी मुंबईच्या गोदीत काम करीत होता, तेही निघाले. सोबत मुंबईच्या मरीन बटालियनचे तेरा शिपाई होते. ही सारी मंडळी आरंभापासून आदर्श होती असे मात्र नव्हे. शिपायांना वाटेतूनच परत पाठवावे लागले, आणि नाशिकच्या मुलांविषयीही लिव्हिंग्स्टनने आपल्या रोजनिशीत तक्रारी केल्या आहेत. काही सोडून गेली. परंतु शाळेत वाढलेल्या पोरांना एकदम अरण्यात ओझी वाहावयास लावल्यावर दुसरे काय होणार? जे टिकले त्यांत नाशिकचा गार्डनर होता. १८७२ साली मदतीला जी दुसरी तुकडी आली, तीत जेकब वेनराइट आणि मॅथ्यू वेलिंग्टन हे नाशिकचे तरुण होते.

१ मे १८७३ रोजी, आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन मरण पावला. त्या वेळी जवळ एकही युरोपीय माणूस नव्हता. देह तेथेच पुरून आपापल्या वाटेने जाणे सोपे होते, आणि कोणी बोल लावला नसता. या लोकांनी आपसांत विचार करून देह त्याच्या देशी पोहोचविण्याचे ठरविले. काळीज झाडाखाली पुरले; प्रार्थना वाचली ती जेकबने, आणि झाडावर अक्षरे कोरली तीही त्यानेच. सामानाची यादीही त्यानेच लिहून ठेवली. देह उन्हात वाळवून कापडात व झाडाच्या सालीत गुंडाळला, आणि सुमारे सोळाशे किलोमीटरांची वाट सुरू झाली.

वाटेत उन्यान्येंबे येथे कॅमेरॉन नावाचा इंग्रज अधिकारी भेटला. सिदी मुबारक तेव्हा त्याच्याच तांड्यात होता. देह येथेच पुरावा असा कॅमेरॉनचा सल्ला पडला. तो यांनी मानला नाही. पुढे, प्रेत नेऊ देणार नाही असे गावकरी म्हणतात हे कळताच, त्यांनी ताटांचे खोटे गाठोडे बांधून ते परत पाठविल्याचा देखावा केला, आणि खरा देह कापडाच्या गठ्ठ्यासारखा बांधून पुढे काढला. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोच्या किनाऱ्यास लागले.

तेथे इंग्रज अधिकाऱ्यांनी देह ताब्यात घेतला, पगार चुकते केले, आणि माणसांना निरोप दिला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला. शव वाहणाऱ्या मंडळींत जेकब होता. चुमा आणि सूसी विलायतेस पोहोचले ते विधी आटोपल्यावर. लंडनच्या भूगोल संस्थेने पुढे पदके पाडली, पण ती येईपर्यंत पुष्कळ जण पांगले होते. ॲबीतील शिळेवर, विश्वासू हातांनी त्याला येथवर आणले असे कोरले आहे. ते हात कोणाचे, हे तेथे लिहिलेले नाही.

ज्या १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, त्याच सुमारास शरणपूरची पुष्कळ आफ्रिकी मंडळी मोंबासाजवळ फ्रियर टाउन या नव्या वसाहतीत गेली. मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासास १९३५ पर्यंत जगला.

आम्हांस वाटते, प्रवासाच्या इतिहासात दोन प्रकारची माणसे असतात: मागून येऊन लिहिणारी आणि पुढे चालणारी. पहिल्यांची नावे आपोआप टिकतात, दुसऱ्यांची टिकवावी लागतात. आपणही गडकोटांवर जातो, घाटवाटा उतरतो, परत आल्यावर वर्णने लिहितो. त्यांत कातळ, कडा, टाके, सारे असते. पाण्याची जागा दाखविणारा आणि रान चुकू न देणारा वाटाड्या मात्र 'गावातला एक माणूस' एवढाच उरतो. त्याचे नाव विचारून लिहून ठेवण्यास श्रम पडत नाहीत. नाशिकच्या मुलांचे ऋण फेडण्याचा तेवढा एक मार्ग आपल्या हाती आहे.