पाहायचं कुणी, हे ठरवणार कोण?

ज्ञान जितकं खुलं तितकं बरं, ही शिकवण ग्रंथपाल म्हणून मी आयुष्यभर मानली. तरीही ऑस्ट्रेलियातल्या पित्जंतजारा आणि वारुमुंगू लोकांनी आपले डिजिटल संग्रह ज्या रीतीने उभे केले, ती प्रत्येक ग्रंथपालाने शिकावी असं मला मनापासून वाटतं.

या समाजांत काही गाणी आणि विधी फक्त दीक्षा झालेल्या पुरुषांचे असतात, काही फक्त बायकांचे, काही ठरावीक कुळांचे. नुकत्याच वारलेल्या माणसाचा फोटो पाहणंही वर्ज्य. १९०१-०२ मध्ये मानववंश-अभ्यासक बाल्डविन स्पेन्सर आणि फ्रँक गिलन कॅमेरा आणि फोनोग्राफ घेऊन वारुमुंगूंच्या मुलखातून गेले. विधींचे फोटो १९०४च्या त्यांच्या ग्रंथात छापले गेले. फोटो दूरच्या संग्रहालयांत पोहोचले, पण ते कुणी पाहायचे याचा नियम कुणी सोबत नेला नाही.

१९७६ साली मानववंश-अभ्यासक चार्ल्स माउंटफोर्ड यांचं पित्जंतजारांविषयीचं पुस्तक आलं. १९४० मध्ये त्यांना विश्वासाने सांगितलेल्या गुप्त गोष्टी त्यात छापल्या होत्या. पित्जंतजारा पुढारी नॉर्दर्न टेरिटरीच्या न्यायालयात गेले. हे बायकामुलांच्या आणि दीक्षा न झालेल्यांच्या नजरेस पडलं तर समाजाची घडी विस्कटेल, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयाने त्या प्रदेशात पुस्तकाला मनाई केली.

पण मनाईने फोटो घरी येत नाहीत. त्यासाठी १९९४ मध्ये पित्जंतजारांचा ‘आरा इरितित्जा’ संग्रह सुरू झाला. पुढे २००७ मध्ये टेनंट क्रीक इथं वारुमुंगूंनी संशोधक किम क्रिस्टन यांच्यासोबत ‘मुकुर्तू’ घडवला. त्यात प्रत्येकाच्या खात्यात त्याचं कुटुंब, भूमी, स्त्री की पुरुष, अशी नोंद असते आणि फोटोवरही तशाच खुणा. दोन्ही जुळल्या तरच फोटो उघडतो. एकाच घरातल्या बहीण-भावाला त्यामुळे वेगवेगळे फोटो दिसू शकतात. फोटोखाली घरच्यांना त्यांची हकिकत स्वतः जोडता येते.

शतकभर इतरांनी गोळा केलेल्या वस्तूंवर मूळ धन्यांचा हक्क इथं पुन्हा चालू लागला, आणि म्हणूनच लोक आपल्याकडचे फोटो विश्वासाने देऊ लागले. आपल्याकडे आदिवासी पाड्यांवर रेकॉर्डर घेऊन जाणाऱ्यांनीही ‘हे कुणी ऐकायचं?’ असं आधी विचारावं आणि मिळालेलं उत्तर त्या ध्वनिफितीच्या नोंदीतच लिहावं.