इंडियन ओपन (गोल्फ)

इंडियन ओपन ही भारताची पुरुषांची राष्ट्रीय खुली गोल्फ स्पर्धा आहे. ती १९६४ मध्ये सुरू झाली. हीरो उद्योगसमूहाच्या प्रायोजकत्वामुळे सध्या ती हीरो इंडियन ओपन या नावाने ओळखली जाते. २०१५ पासून ही स्पर्धा युरोपियन टूरच्या (आताचे नाव डीपी वर्ल्ड टूर) कार्यक्रमाचा भाग आहे आणि २०१७ पासून ती हरियाणातील गुरुग्राम येथील डीएलएफ गोल्फ अँड कंट्री क्लबच्या मैदानावर खेळली जाते. ऑस्ट्रेलियाचा पीटर थॉमसन (१९६४, १९६६, १९७६) आणि भारताचा ज्योती रंधावा (२०००, २००६, २००७) यांनी ती प्रत्येकी तीन वेळा जिंकली आहे.

स्वरूप

स्पर्धा चार दिवस चालते. दररोज १८ होलची एक फेरी, अशा एकूण ७२ होलमध्ये सर्वांत कमी फटके घेणारा खेळाडू विजेता ठरतो. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर सुमारे निम्मे खेळाडू बाद होतात. यालाच 'कट' म्हणतात. चौथ्या फेरीअखेर बरोबरी झाल्यास जादा होल खेळवून निर्णय केला जातो, त्यास प्लेऑफ म्हणतात. प्रत्येक होलसाठी अपेक्षित फटक्यांची संख्या, म्हणजे 'पार', ठरलेली असते. खेळाडूची एकूण कामगिरी पारपेक्षा किती फटके कमी वा अधिक, या भाषेत सांगण्याची प्रथा आहे. पारपेक्षा एक फटका कमी घेतल्यास 'बर्डी' आणि एक अधिक घेतल्यास 'बोगी' होते.

'खुली' याचा अर्थ व्यावसायिकांबरोबर हौशी खेळाडूंनाही प्रवेश असतो. बहुतेक खुल्या स्पर्धांमध्ये हा अधिकार नाममात्रच राहतो, कारण अंतिमतः व्यावसायिकच जिंकतात. इंडियन ओपनमध्ये मात्र दुसऱ्याच वर्षी याला अपवाद घडला.

प्रारंभ

पहिली स्पर्धा दिल्ली गोल्फ क्लबवर झाली आणि ती थॉमसनने जिंकली. ब्रिटिश ओपनचे विजेतेपद पाच वेळा मिळवलेला हा खेळाडू आशियात व्यावसायिक गोल्फ रुजावे यासाठी प्रयत्नशील होता आणि या स्पर्धेच्या उभारणीतही त्याचा वाटा होता. दिल्ली गोल्फ क्लबच्या मैदानाची १९७० च्या दशकातील फेररचनाही त्याचीच.

१९६५ मध्ये पी. जी. सेठी या हौशी भारतीय खेळाडूने विजेतेपद पटकावले. स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय होता आणि आजपर्यंतचा एकमेव हौशी विजेता आहे. भारतीय गोल्फची घोडदौड सुरू झाली असे त्या वेळी वाटले असल्यास नवल नाही, पण पुढचा भारतीय विजेता मिळण्यास २६ वर्षे जावी लागली.

भारतीय विजेत्याची प्रतीक्षा

१९७० पासून स्पर्धा आशियाई सर्किटचा भाग झाली आणि ऑस्ट्रेलिया, जपान, तैवान व अमेरिका येथील खेळाडू नियमितपणे येऊ लागले. जपानच्या केन्जी होसोइशीने त्याआधीच १९६७ व १९६८ अशी सलग दोन विजेतेपदे मिळवली होती. ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहम मार्शने १९७१ व १९७३ मध्ये स्पर्धा जिंकली. १९८१ चा विजेता पेन स्टुअर्ट हा अमेरिकी खेळाडू पुढे यूएस ओपन आणि पीजीए चॅम्पियनशिपचा मानकरी झाला.

या काळात भारतातील गोल्फ प्रामुख्याने क्लबांचे सभासद आणि सैन्यदलातील अधिकारी यांच्यापुरता मर्यादित होता. व्यावसायिक म्हणून खेळणारे बरेच जण वेगळ्या थरातून आलेले होते. सभासदांची गोल्फची पिशवी वाहणारे कॅडी किंवा मैदानाची निगा राखणाऱ्या कामगारांची मुले, अशी त्यांची पार्श्वभूमी असे. त्यांना शिकवणारे कोणी नव्हते आणि खेळण्याजोग्या स्पर्धाही मोजक्याच होत्या.

१९९१ मध्ये अली शेर याने ही कोंडी फोडली. दिल्ली गोल्फ क्लबमध्ये कॅडी म्हणून काम करता करता तो खेळ शिकला होता. ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक ठरला. त्याच वर्षासाठी त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. १९९३ मध्ये त्याने पुन्हा विजेतेपद मिळवले, त्यामुळे पहिला विजय योगायोगाचा होता असे म्हणण्यास जागा उरली नाही. १९९८ ते २००० या काळात फिरोज अली, अर्जुन अटवाल आणि ज्योती रंधावा अशा तीन भारतीयांनी लागोपाठ स्पर्धा जिंकली. अटवाल २०१० मध्ये अमेरिकेच्या पीजीए टूरवर विजय मिळवणारा पहिला भारतीय झाला. २००२ मध्ये लखनौचा विजय कुमार आणि २००९ मध्ये बंगळूरचा सी. मुनियप्पा विजेते ठरले. या दोघांचीही सुरुवात कॅडी म्हणूनच झाली होती. मुनियप्पाने आपला विजय प्लेऑफमध्ये मिळवला.

२०१३ चा विजेता बांगलादेशाचा सिद्दिकुर रहमान हाही ढाक्यातील एका क्लबात लहानपणी कॅडीचे काम करत असे. त्याने एस. एस. पी. चौरसिया आणि अनिर्बन लाहिरी या दोन भारतीयांना एका फटक्याने मागे टाकले. पुढील तीन स्पर्धांचा इतिहास याच दोन भारतीयांभोवती फिरतो.

चौरसिया आणि लाहिरी

चौरसियाचे वडील कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये मैदानाची निगा राखण्याचे काम करत. १८२९ मध्ये स्थापन झालेला हा क्लब ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना गोल्फ क्लब मानला जातो. चौरसिया तिथेच इतरांचे पाहून, प्रशिक्षकाविना खेळ शिकला. लांब पल्ल्याच्या फटक्यांपेक्षा ग्रीनजवळच्या नाजूक फटक्यांसाठी तो ओळखला जातो. पुण्यात जन्मलेला लाहिरी हा लष्करी डॉक्टरांचा मुलगा. हौशी स्पर्धांच्या आखीव वाटेने तो पुढे आला. एकाच स्पर्धेच्या अखेरच्या दिवशी हे दोघे वारंवार आमनेसामने आले.

२०१५ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबवर अखेरची फेरी सुरू झाली तेव्हा चौरसिया आघाडीवर होता आणि लाहिरी त्याच्या सात फटके मागे होता. दिवसअखेर दोघेही पारपेक्षा सात फटके कमी अशा बरोबरीत आले. प्लेऑफच्या पहिल्याच होलवर लाहिरीने बर्डी साधून स्पर्धा जिंकली. १९९९, २००६ आणि २०१३ नंतर चौरसियाचे हे चौथे उपविजेतेपद होते. त्यापैकी २००६ चा पराभवही प्लेऑफमधीलच.

२०१६ मध्ये तो पुन्हा अखेरच्या दिवशी आघाडीच्या खेळाडूंत होता. या वेळी त्याने पारपेक्षा १५ फटके कमी घेत दोन फटक्यांच्या फरकाने विजय मिळवला. संयुक्त दुसऱ्या क्रमांकावर दक्षिण कोरियाच्या वांग जंग-हुनबरोबर लाहिरीच होता. पहिल्या उपविजेतेपदापासून या विजयापर्यंत १७ वर्षे लोटली होती. त्याच वर्षी दोघांनीही रिओ ऑलिंपिकमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले.

मैदानांचा प्रश्न

दिल्ली गोल्फ क्लबचे लोधी मैदान शहराच्या मध्यभागी असून त्याच्या परिसरात मुघलकालीन थडगी आहेत. फेअरवे अरुंद आहेत आणि दोन्ही बाजूंना दाट झुडपे आहेत. चेंडू झुडपात गेला की सहसा एकाहून अधिक फटक्यांची किंमत मोजावी लागते. त्यामुळे सर्वांत लांब पल्ल्याचा ड्रायव्हर बाजूला ठेवून लोखंडी क्लबने सुरुवात करणे अनेकजण पसंत करतात. अशा मैदानावर ताकदीपेक्षा ओळख आणि संयम उपयोगी पडतो, व त्याचा लाभ भारतीयांना होतो असे मानले जाई.

२०१७ मध्ये स्पर्धा डीएलएफच्या गॅरी प्लेयर-रचित मैदानावर गेली. हे मैदान लांब असून त्याच्या ग्रीनना तीव्र चढउतार आहेत. युरोपियन टूरवरील अवघड मैदानांत त्याची गणना होते. स्थलांतरामुळे भारतीयांचा लाभ संपेल असा अंदाज होता. पहिल्याच वर्षी चौरसियाने मलेशियाच्या गॅविन ग्रीनवर सात फटक्यांनी मात करून तो खोटा ठरवला. वादळी हवामानामुळे खेळ वारंवार थांबवावा लागला होता, हे लक्षात घेता हा फरक अधिकच उठून दिसतो. मात्र त्यानंतर २०२५ पर्यंत या मैदानावर दुसरा कोणी भारतीय जिंकलेला नाही. तेव्हा मूळ अंदाज सर्वस्वी चुकीचा होता असेही म्हणता येत नाही.

२०१८ मध्ये शुभंकर शर्मा अखेरच्या फेरीपूर्वी आघाडीवर होता, पण तो पहिल्या पाचांतही राहिला नाही. २०२४ मध्ये गुरुग्रामच्याच वीर अहलावतने संयुक्त दुसरे स्थान मिळवले. युरोपियन टूरवरील विजेत्यास पुढील हंगामांत तिथे खेळण्याचा हक्क मिळतो. त्यामुळे भारतीय खेळाडूसाठी घरच्या भूमीवरील हा विजय करंडक आणि बक्षिसाच्या रकमेपेक्षा मोठा असतो.

अलीकडील निकाल

२०१५: अनिर्बन लाहिरी (भारत), पारपेक्षा ७ कमी, प्लेऑफमध्ये
२०१६: एस. एस. पी. चौरसिया (भारत), १५ कमी, २ फटक्यांनी
२०१७: एस. एस. पी. चौरसिया (भारत), १० कमी, ७ फटक्यांनी
२०१८: मॅट वॉलेस (इंग्लंड), ११ कमी, प्लेऑफमध्ये
२०१९: स्टीफन गॅलाकर (स्कॉटलंड), ९ कमी, १ फटक्याने
२०२३: मार्सेल सीम (जर्मनी), १४ कमी, १ फटक्याने
२०२४: केइता नाकाजिमा (जपान), १७ कमी, ४ फटक्यांनी
२०२५: युजेनियो चाकारा (स्पेन), ४ कमी, २ फटक्यांनी

२०१४ मध्ये स्पर्धा झाली नाही. २०२० ते २०२२ या वर्षांतील स्पर्धा कोविड-१९ च्या साथीमुळे रद्द झाल्या.

२०१९ चा निकाल विशेष उल्लेखनीय आहे. अखेरच्या फेरीत सातव्या होलवर गॅलाकरने पारपेक्षा चार फटके जास्त घेतले. एवढ्या हानीनंतर खेळाडू सहसा स्पर्धेबाहेर फेकला जातो, पण त्याने उरलेल्या होलवर भरपाई करून जपानच्या मासाहिरो कावामुराला मागे टाकले. त्या आठवड्यात त्याचा मुलगा जॅक त्याचा कॅडी होता. २०२३ मध्ये सीमने आठ वर्षांहून अधिक काळानंतर टूरवरील विजय मिळवला. २०२४ मध्ये नाकाजिमा पहिल्या दिवसापासून अखेरपर्यंत आघाडीवर राहिला, तर २०२५ मध्ये त्याच मैदानावर तो चाकाराच्या मागे दुसरा आला. या दोन वर्षांतील विजयी गुणसंख्येत १३ फटक्यांचा फरक आहे, यावरून मैदानाचा कठीणपणा वाऱ्यानुसार व ग्रीनवरील छिद्रांच्या जागांनुसार किती बदलतो याची कल्पना येते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबवर डीपी वर्ल्ड इंडिया चॅम्पियनशिप ही नवी स्पर्धा झाली आणि ती इंग्लंडच्या टॉमी फ्लीटवूडने जिंकली. तीही डीपी वर्ल्ड टूरचाच भाग असली, तरी इंडियन ओपनहून ती वेगळी आहे आणि तिच्या विजेत्यांची गणना या स्पर्धेच्या यादीत होत नाही.