संगमावरची वल्ही

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कॉलेजातला खेळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? क्रिकेटचं पीच, कबड्डीचं मैदान, फार तर शंभर मीटरची धाव. आमच्या जुन्नर-आंबेगाव भागात खेळ म्हटला की पहिलं नाव कुस्तीचं आणि दुसरं, काही गावांत पहिलंच, बैलगाडा शर्यतीचं. घाट, बारी, घाटाचा राजा हे शब्द आमच्या पोरांना अक्षरओळखीच्या आधी येतात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं या शर्यती थांबवल्या, २०२१च्या डिसेंबरात त्यांना पुन्हा वाट मिळाली आणि २०२३च्या मे महिन्यात घटनापीठानं ती कायम केली, हेही आमच्याकडे कुणीही तारखांसकट सांगेल. पण मी आज ज्या खेळाबद्दल बोलणार आहे तो आपल्याच जिल्ह्यात, पुण्याच्या संगमावर, जवळजवळ शंभर वर्षं चालू आहे. घोडेगावच्या किंवा ओतूरच्या बाजारात त्याचं नाव काढलं तर मात्र लोक विचारतील, ‘हे काय नवीन?’ तो खेळ म्हणजे वल्ह्यांचा, रोइंगचा. आणि तो जपणारी संस्था म्हणजे इंजिनिअरिंगचं कॉलेज.

हे कॉलेज फार जुनं. १८५४ साली ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ या नावानं ते सुरू झालं. इंग्रज सरकारला रस्ते, पूल, पाटबंधारे आणि रेल्वे यांच्या कामांवर देखरेख करणारी हाताखालची माणसं हवी होती. ती तयार करणं एवढाच त्यामागचा हेतू. १८६५ साली मुख्य इमारतीची कोनशिला बसली. पुढे त्याचं कॉलेज ऑफ सायन्स झालं, १९११ साली कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग झालं आणि २०२२ साली ते स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठ झालं. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ साली इथूनच बाहेर पडले. पहिले प्राचार्य थिओडोर कुक हे पेशानं इंजिनिअर, पण नाव राहिलं वनस्पतिशास्त्रात. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ आजही सह्याद्रीत हिंडणारे अभ्यासक उघडतात. इंजिनिअर माणसानं फक्त पूल मोजावेत असं त्या काळी कुणाला वाटत नसावं.

या कॉलेजचा बोट क्लब १९२८ साली निघाला. त्या सुमाराचं पुणं आठवून पाहा. डेक्कन जिमखान्याला बावीस वर्षं झालेली. महाराष्ट्रीय मंडळाचा आखाडा १९२४ साली सुरू झालेला. त्याआधी, पहिल्या महायुद्धानंतर लगेच, याच डेक्कन जिमखान्याच्या क्रीडा स्पर्धा बघायला सर दोराबजी टाटा आले होते. धावणारे बहुतेक खेड्यांतले शेतकरी, अनवाणी, कुणी शिकवलेलं नाही. आणि त्यांच्या वेळा मात्र युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणाऱ्या. त्यातूनच १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला संघ पाठवायचं ठरलं. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. कुस्तीत रणधीर शिंदे चौथे आले, पदक एका पायरीवरून हुकलं. म्हणजे भारताच्या ऑलिंपिक संघाचं खातं उघडलं ते पुण्यात, आणि उघडलं खेड्यातल्या अनवाणी पायांनी. हे मी मुद्दाम सांगतो, कारण वल्ह्यांचा खेळ तोवर अगदी दुसऱ्या टोकाचा होता.

रोइंग हा साहेबांचा खेळ. कलकत्त्याचा रोइंग क्लब १८५८चा, मद्रासचा बोट क्लब १८६७चा. पुण्यात बंड गार्डनजवळ रॉयल कनॉट बोट क्लब होता. ज्याला आपण बोट क्लब रोड म्हणतो त्या रस्त्याचं नाव त्याच्यावरून पडलं. पुष्कळ लोक या दोन क्लबांत गल्लत करतात. इंजिनिअरिंग कॉलेजचा क्लब वेगळा, तो वरच्या अंगाला, संगम पुलाशी, मुळा आणि मुठा एकमेकींना मिळतात तिथे. ज्या पाण्यावर साहेब हवा खायला जात, त्याच पाण्यावर थोडं वर हिंदी विद्यार्थी वल्ही मारू लागले.

आता पुण्यात रोइंग होऊ शकतं तरी कसं? दख्खनची नदी पावसाळ्यात अंगावर येते आणि उन्हाळ्यात खडक उघडे टाकते. याचं उत्तर एका बांधात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून खालच्या बाजूला नदीवर बंधारा घातला गेला. त्याच्याच काठावरच्या बागेला बंड गार्डन हे नाव मिळालं. बांधाचा हेतू शहराला आणि छावणीला पाणी मिळावं हा. पण बांधानं पाणी तुंबलं की त्याची फुगवटी मागे सरकते. संगमापर्यंत संथ, खोल पाणी उभं राहिलं आणि त्यावर खेळ आला.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शर्यतीची होडी, तिला शेल म्हणतात, इतकी अरुंद असते की वल्ही पाण्यावर टेकवलेली नसतील तर ती उभीच राहत नाही. वल्हवणारा ज्या दिशेला जायचं त्या दिशेला पाठ करून बसतो. बैठक रुळांवर पुढेमागे सरकते. पाहणाऱ्याला वाटतं हा हातांचा खेळ. खरं जोर लागतो तो पायांचा, मग कमरेचा, आणि शेवटी हातांचा. मोठ्या स्पर्धांत अंतर दोन हजार मीटर. काही होड्यांत एक माणूस तोंड पुढे करून बसतो, सुकाणू धरतो आणि ठेका देतो. त्याला कॉक्स म्हणतात. तो वल्हवत नाही, त्याचं वजन मात्र बाकीच्यांना ओढावं लागतं! आमच्याकडे गाड्यापुढे घोडी पळते ना, तिचं आणि कॉक्सचं काम थोडं सारखं आहे. दोन्हींकडे शेवटी घड्याळाचा सेकंद बोलतो.

कॉलेजनं या खेळात स्वतःची म्हणून जी भर घातली ती रेगाटा. दरवर्षी होणाऱ्या या सोहळ्यात नुसत्या शर्यती नसतात. सपाट बुडाच्या पंट होड्या रांगेत येऊन पाण्यावर आकृत्या करतात, कयाक संगीताच्या तालावर वळतात, आणि अंधार पडला की मशाली पेटतात. काळ्या पाण्यावर त्यांची प्रतिबिंबं हलू लागली की काठावरची गर्दी गप्प होते. क्लबचा कारभार विद्यार्थीच पाहतात. होड्यांची डागडुजी, रंग, कोण कुठल्या होडीत बसणार, सगळं त्यांच्याकडे. आता त्यात मुलीही आहेत. माझ्या मते इंजिनिअरला शिकवायला होडीइतकं चांगलं यंत्र नाही. तोल, घर्षण, तरफ, उत्प्लावन, सगळं एका लाकडी पात्रात आहे, आणि चूक झाली तर निकाल लागायला सहामाही परीक्षेची वाट पाहावी लागत नाही.

इथवर ऐकायला गोड वाटतं. पण हा खेळ ज्या पाण्यावर चालतो त्याकडे आता पाहू.

पुण्याला नळानं पाणी मिळतं ते मुठेच्या खोऱ्यातल्या धरणांतून. खडकवासल्याचं मूळ धरण एकोणिसाव्या शतकातलं. त्यावर आपोआप उघडणारे दरवाजे बसवण्याची युक्ती १९०३ साली काढली ती याच कॉलेजच्या विश्वेश्वरय्यांनी. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं, आणि तो लोंढा शहरातून संगमावरूनच पुढे गेला. त्यानंतर धरणं पुन्हा उभी राहिली, वरच्या बाजूला नवी आली, शहर वाढत गेलं. आता पावसाळा सरला की खडकवासल्याखाली मुठेत स्वतःचं असं पाणी फारसं उरत नाही. जे वाहतं ते बहुतांशी आपण वापरून सोडलेलं. मुळा येते तीही पवनेबरोबर पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी घेऊन. म्हणजे इंजिनिअरांनी अडवून शहराला दिलेलं पाणी शहरभर फिरून इंजिनिअरांच्याच बोट क्लबपुढे गटार होऊन येतं. जलपर्णी माजली की होडी चालवायची म्हणजे गवतातून नांगर चालवण्यासारखं. मैलापाणी शुद्ध करण्यासाठी २०१६ साली जपानच्या मदतीचा करार झाला, काम लांबत गेलं. २०२२च्या मार्चमध्ये नदीकाठ सुधारणेचं भूमिपूजन झालं. काठ सुंदर होतीलही. पण वल्हं काठाला नाही, पाण्याला लागतं. त्या पाण्यात होडी उलटली तर पोरगा वर येईल तेव्हा अंगावर काय घेऊन येईल याचा विचार करणाऱ्या आईबापांना मी भित्रे म्हणणार नाही.

आता आमच्या तालुक्यांकडे येतो. कुकडी नाणेघाटाच्या बाजूनं उगवते, घोड आहुप्याच्या डोंगरातून, मीना आणि आर त्यांच्या शेजारून. त्यांच्यावर कुकडी प्रकल्पाची पाच धरणं उभी आहेत : येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे. ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव मिळालं ते आंबेगावच डिंभ्याच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याच्या खुणा वर येतात. हे पाणी कालव्यांनी शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातं. संगमाच्या पाण्यापेक्षा कितीतरी स्वच्छ पाणी, आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या वल्ह्यांचा खेळ कुणी पाहिलेला नाही. माझ्या शाळेत खो-खो होता, लंगडी होती, लेझीम होतं. नदी पोहण्यापुरती आणि बैल धुण्यापुरती.

होडी मात्र आमच्याकडे आली, वेगळ्याच वाटेनं. नावात कोळी असलं तरी महादेव कोळी हा डोंगरातला, शेती करणारा समाज. मासेमारी हा त्यांचा पिढीजात धंदा नव्हे. डिंभ्याच्या पाण्यानं जमीन नेली तेव्हा ही माणसं पाण्यावर उतरली, जाळी शिकली, होड्या शिकली, मासेमारीची सहकारी संस्था उभी केली. त्यांच्या पाठीशी राहिलेल्या ‘शाश्वत’ या संस्थेला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. पोटासाठी वल्हं धरणारी ही पहिली पिढी. तिची नातवंडं आज शाळेत आहेत.

ती पुढे जाऊ शकतात का? याचं उत्तर नाशिक जिल्ह्यात सापडतं. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे गाव दुष्काळी. तिथला दत्तू भोकनळ हा मुलगा वडिलांबरोबर विहिरींच्या कामावर जायचा. २०१२ साली तो सैन्यात, बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाला. सॅपर्स म्हणजे सैन्याचे इंजिनिअर. पुण्यातच दापोडीला लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तिथे वल्हवण्यासाठी खास बांधलेला लांब जलमार्ग आहे. तिथे हा मुलगा तयार झाला. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या होडीत तो तेरावा आला. २०१८च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत त्यानं सुवर्णपदक जिंकलं. विहीर खोदताना कमावलेली पाठ आणि पाय दोन हजार मीटरला कामी आले. १९२०च्या त्या अनवाणी शेतकऱ्यांत आणि याच्यात अंतर शंभर वर्षांचं आहे. फरक एवढाच की याला पाणी, होडी आणि शिकवणारा माणूस वेळेवर मिळाला.

मग आमच्या धरणांवर हे करायचं तर अडचणी कोणत्या, तेही सांगायला हवं. धरण म्हणजे तलाव नव्हे. आवर्तन सुटलं की पाणी उतरतं, काठ चिखलाचा होतो, आज बांधलेला धक्का महिन्यानं कोरडा पडतो. माणिकडोहावर उन्हाळ्यात होडी लावायला जागा शोधावी लागेल. येडगावचं वेगळं आहे. बाकीच्या धरणांचं पाणी तिथे आणून पुढे कालव्यात सोडतात, त्यामुळे त्या जलाशयात ये-जा चालू असते. आधी तिथे वर्षभराची पातळी महिन्यामहिन्यानं मांडून पाहावी लागेल, दोन हजार मीटरचा सरळ पट्टा सापडतो का ते मोजावं लागेल, आणि मासेमारी करणाऱ्यांची जाळी कुठे पडतात ते त्यांनाच विचारावं लागेल, कारण त्या पाण्यावर पहिला हक्क त्यांचा. हे मोजमाप म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांचं दोन आठवड्यांचं काम आहे. संगमावरच्या मुलांनी एका सुटीत जुन्नरची एसटी पकडावी; धरणं सप्टेंबरात भरलेली असतात.